वेबसाइटचा लोगो घरच्या घरी: आधी अक्षर, मग चित्र

नौपाड्यातल्या घरातून मसाले विकणाऱ्या ताई असोत, ऐरोलीत गणिताच्या शिकवण्या घेणारे सर असोत, की घणसोलीत एसी दुरुस्तीची कामं करणारा तरुण, वेबसाइट करायचं ठरलं की लोगोचा प्रश्न लगेच समोर येतो. जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो: "चित्र कुठलं टाकायचं?" मसाल्याला मिरची, शिकवणीला उघडं पुस्तक, नवी मुंबईतला व्यवसाय असला तर फ्लेमिंगो.

माझं सांगणं याच्या उलट आहे. बजेट लहान असेल तेव्हा चित्राच्या मागे लागू नका. तुमचं नाव देवनागरीत नीट, ठसठशीत आणि थोड्या विचाराने लिहिलं, की लोगोचं बहुतेक काम झालं. चांगलं चित्र काढायला सरावलेला हात लागतो. तो नसला की माणूस इंटरनेटवरचं तयार चित्र उचलतो आणि तेच चित्र आणखी शेकडो जणांनी उचललेलं असतं. अक्षरांचं तसं नाही. आज उत्तम देवनागरी फॉन्ट फुकट आणि कायदेशीर मिळतात. त्यातले कित्येक मुंबईतल्याच अक्षरकारांनी काढलेले आहेत. एरवी आपल्या खिशाला परवडलं नसतं असं काम शून्य रुपयांत हाताशी आहे, तर तिथूनच सुरुवात करावी.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा, कळव्यातल्या एका ताईंनी घरगुती मसाल्यांना 'उखळ' असं नाव दिलं आहे. नाव काल्पनिक आहे, पण अक्षरं मुद्दाम निवडली आहेत. ती का, ते पुढे येईलच.

नाव आधी पक्कं करा

लोगो काढून झाल्यावर नाव बदलायची वेळ आली तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे हव्या त्या नावाचा डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मिळतोय का. दुसरी म्हणजे ते नाव कुणी ट्रेडमार्क म्हणून आधीच नोंदवलेलं नाही ना. केंद्र सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध मोफत घेता येतो. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले ३०व्या वर्गात येतात, शिकवण्या ४१व्यात, खानपान सेवा ४३व्यात. आपल्या वर्गात शोधा आणि रोमन स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार टाकून बघा. 'ukhal' असं लिहिणारा एक असतो, मधे दोन अक्षरं जास्त घालणारा दुसरा. उच्चार सारखा असला तरी आक्षेप येऊ शकतो.

हा लोगो दिसणार कुठे?

एका कागदावर यादी करा. मोबाइलवर वेबसाइट उघडली की वरच्या पट्टीत लोगोला जेमतेम ४०-५० पिक्सेल उंची मिळते. ब्राउझरच्या टॅबवर १६ पिक्सेलचा चौकोन. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत गोल. पाकिटावरच्या स्टिकरवर एकच रंग, बिलावर रबरी शिक्का, आणि पुढेमागे गाळा घेतला तर पाटी.

यादी झाली की एक गोष्ट उघड होते: लोगो बहुतेक वेळा अंगठ्याच्या नखाएवढाच दिसणार आहे. उखळ, मुसळ, मिरची, हळकुंड, खाली 'घरगुती चवीचा वारसा' अशी ओळ आणि स्थापनेचं वर्ष, एवढं सगळं त्या आकारात ठिपक्यांचा गोळा होऊन बसतं. घोषवाक्य वेबसाइटवर लोगोच्या शेजारी साध्या मजकुरात लिहा. लोगोच्या आत ते नको.

रस्त्यावरच्या पाट्या वाचा

कंप्युटर उघडण्याआधी एखादी संध्याकाळ पाट्या बघण्यात घालवा. जांभळी नाक्यापासून गोखले रोड, राम मारुती रोडपर्यंत चालत जा, किंवा वाशीत सेक्टर १७ मध्ये फिरा. रस्त्याच्या पलीकडून कुठलं नाव एका नजरेत वाचता येतं आणि कुठल्या नावाला डोळे बारीक करावे लागतात, ते टिपून घ्या. फोटो काढा. दूरवरून वाचता येणाऱ्या पाट्यांमध्ये बहुधा तीन गोष्टी सापडतील: जाड अक्षर, मोकळी जागा आणि दोनच रंग. सोनेरी सावली, बाहेरून पांढरी कड, आतून रंगांची छटा असलेली नावं दहा पावलांवरून पुसट होतात.

रेल्वेच्या पाट्याही बघा. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ज्या ठाण्याला आली, तिथल्या प्रवाशाला फलाटावरची अक्षरं धावत्या गाडीतून वाचायची सवय आहे. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' नावाचा एक फॉन्टच तयार झाला आहे आणि तो गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. चपट्या ब्रशचा फटकारा त्यात स्पष्ट दिसतो. ट्रॅव्हल्सवाले, खाऊगल्लीतले व्यावसायिक, रंगकाम करणारे यांनी तो जरूर वापरून बघावा.

आणि रुपयाचं चिन्ह आठवा. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी ते काढलं आणि २०१० साली सरकारने स्वीकारलं. देवनागरी 'र', रोमन 'आर' आणि शिरोरेषेची आठवण देणाऱ्या दोन आडव्या रेषा, बस. नाणं, नोट किंवा सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती काढून त्याचं बारीक रूप बघा, म्हणजे किती कमी रेषांत भागतं ते कळेल.

पेन्सिल आणि चौकटीची वही

आता चौकटीच्या वहीत नाव लिहायला बसा. सुंदर लिहायची गरज नाही, वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहायचं आहे. जाड लिहा, बारीक लिहा, गोलाईत लिहा, कोनात लिहा. शिरोरेषा अखंड ठेवा, एकदा अक्षरागणिक तोडून बघा, एकदा अजिबात काढून टाका. एका ओळीत लिहा, दोन ओळींत लिहा. पानं भरू द्या. पहिल्या दहा-बारा प्रयत्नांत सगळ्यांना सुचतं तेच सुचतं, आपलं काही नंतर यायला लागतं.

शिरोरेषा हे देवनागरीने आपल्याला दिलेलं मोठं साधन आहे. रोमनमध्ये अक्षरं सुटी उभी असतात, त्यांना एकत्र धरणारं काही नसतं. आपल्याकडे सगळं नाव एका रेषेला टांगलेलं असतं. ही रेषा थोडी पुढे वाढवता येते, टोकाला गोल किंवा तिरकी कापता येते, एखाद्या ठिकाणी तिला खंड देता येतो. एवढ्यानेही नावाला स्वतःचा चेहरा मिळतो.

'उखळ' मधल्या 'ख'ला उभा दंड आहे. तो शिरोरेषेच्या वर थोडा वाढवला आणि टोक गोल केलं, तर उखळात उभं राहिलेलं मुसळ दिसतं. वेगळं चित्र काढावंच लागलं नाही, ते अक्षरातून आलं. पण इथे जपायला हवं. दंड तिरका झाला किंवा फार उंच गेला तर ती मात्रा वाटेल आणि लोक 'उखेळ' वाचतील. म्हणून सरळ आणि आखूड. नावात असा एकच बदल करा. दोन अक्षरांत दोन करामती केल्या की वाचणारा अडखळतो.

सगळ्याच नावांत असं काही दडलेलं नसतं. नसलं तर ओढूनताणून शोधू नका. साधं, नीट मांडलेलं नाव पुरेसं असतं.

फॉन्ट निवडणं: इथे वेळ द्या

गूगल फॉन्ट्सच्या संकेतस्थळावर जाऊन भाषेत देवनागरी निवडा आणि नमुन्याच्या चौकटीत स्वतःचं नाव टाइप करा. कितीतरी वेगवेगळ्या चेहऱ्यांत तुमचं नाव एका पानावर दिसेल. इथले बहुतेक फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. म्हणजे धंद्यासाठी, लोगोसाठी, छपाईसाठी ते फुकट वापरता येतात. फॉन्टच वेगळा काढून विकणं तेवढं चालत नाही.

सुरुवातीला हे बघा. 'मुक्त' आणि 'बालू' मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे आहेत. मुक्त सरळ, स्वच्छ, अगदी बारीकपासून जाडपर्यंत अनेक वजनांत मिळतो. सल्लागार, शिकवण्या, दवाखाने यांना शोभतो. बालू गोल आणि खेळकर आहे, खाऊ आणि लहान मुलांच्या वस्तूंना चालतो. त्याच संस्थेचा 'मोदक' इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या आत जागाच उरत नाही. दोन-तीन अक्षरांच्या नावाला गंमत आणतो, लांब नावाला अजिबात घेऊ नका. इंडियन टाइप फाउंड्रीचे 'पॉपिन्स', 'हिंद', 'राजधानी' आणि हाताच्या वळणाचा 'कलम' हेही बघण्यासारखे. छापील पुस्तकाचा भारदस्तपणा हवा असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' बघा. पुस्तकं, साड्या, दागिने यांना त्याचं वळण छान दिसतं.

आता अक्षरं तपासायची. देवनागरी म्हणून दिलेला प्रत्येक फॉन्ट मराठीला तितकाच चांगला असतो असं नाही. आधी 'ल' आणि 'श' बघा. मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' चालतो, राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयातही तसंच सांगितलं आहे. अनेक फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळण दिसतं आणि मराठी वळण आत दडलेलं असतं, भाषा मराठी निवडल्यावर ते बाहेर येतं. 'लीला', 'शलाका', 'कमल' अशा नावांत हा फरक डोळ्यात भरतो. मग 'ळ' बघा. सजावटी फॉन्टमध्ये 'ळ'कडे दुर्लक्ष झालेलं फार वेळा दिसतं. बाकी अक्षरं डौलदार आणि हे एकटं कुठून तरी आणून बसवल्यासारखं. त्यानंतर नावात असतील तर 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', रफार आणि 'सुऱ्या'तला अर्धा र.

'ख'ची गोष्ट वेगळी आहे. त्याचे दोन भाग तळाशी जोडलेले असायला हवेत. ती जोडणी बारीक असली की लहान आकारात ती नाहीशी होते आणि 'ख'चा 'रव' होतो. आमच्या काल्पनिक ताईंचं 'उखळ' मोबाइलवर 'उरवळ' वाचलं जाईल! म्हणून त्यांच्यासाठी फॉन्ट निवडताना आधी 'ख', मग 'ळ', आणि शेवटी बाकी सौंदर्य. तुमच्या नावातही असं एखादं नाजूक अक्षर असेल. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' या जोड्या शिरोरेषा काढली की पटकन एकमेकांत मिसळतात.

वेबसाइटवर नाव रोमनमध्येही लागणार असेल तर दोन्ही लिप्या एकाच फॉन्टमधून घ्या. मुक्त, बालू, पॉपिन्स या सगळ्यांत रोमन अक्षरं त्याच हाताची आहेत. दोन्ही एकाच आकड्याच्या मापात ठेवली तरी डोळ्याला लहान-मोठी वाटू शकतात. डोळ्याला जे समान वाटतं ते घ्या, आकडा विसरा.

एक सावधगिरी. डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे छपाईचा मजकूर जुळवणाऱ्यांकडे, अजून जुने, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेले मराठी फॉन्ट असतात. त्यातले काही सुंदर आहेत, पण त्यांचा परवाना विकत घ्यावा लागतो आणि पेनड्राइव्हवरून मिळालेली प्रत हा परवाना नव्हे. युनिकोड आणि मोफत परवान्याचे फॉन्ट वापरले की ही चिंताच राहत नाही.

इंकस्केपमध्ये काम

लोगो व्हेक्टर असायला हवा. म्हणजे तो ठिपक्यांनी बनलेला नसून रेषांच्या गणिताने बनलेला असावा, तरच १६ पिक्सेलपासून वीस फुटी फ्लेक्सपर्यंत तो फुटत नाही. यासाठी इंकस्केप हे सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि त्याची मूळ फाइल एसव्हीजी असते, वेबसाइटला हवी तीच.

निवडलेला फॉन्ट उतरवून कंप्युटरवर बसवा आणि मग इंकस्केप उघडा. आधीपासून उघडं असेल तर बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर नवा फॉन्ट यादीत दिसणार नाही. टेक्स्ट टूल घेऊन नाव टाइप करा, आकार मोठा ठेवा. कंट्रोल आणि डी दाबून त्याची प्रत काढा आणि मूळ मजकूर बाजूला सरकवून ठेवा. पुढे फॉन्ट बदलावासा वाटला तर तोच कामाला येतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह होईल. रोमन लोगोंमध्ये ते छान दिसतं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि नाव विस्कटतं. अंतर हवंच असेल तर पुढची पायरी करून मग रेषा हाताने जोडा.

प्रत निवडून 'पाथ' मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' द्या. आता तो मजकूर राहिला नाही, आकार झाला. 'अनग्रुप' केलं की प्रत्येक अक्षर सुटं होतं. नोड टूल (आकाराचे बिंदू हलवायचं साधन) घेऊन शिरोरेषेच्या टोकाचे बिंदू निवडा आणि कंट्रोल दाबून ओढा, म्हणजे रेषा सरळच वाढेल. 'उखळ'मध्ये 'ख'च्या दंडावर एक उभा, गोल टोकाचा आयत ठेवला की मुसळ तयार. त्याची जाडी दंडाइतकीच हवी. केसभर फरकही मोठ्या पाटीवर दिसतो.

त्यानंतरची पायरी नवखे हमखास विसरतात. सगळी अक्षरं निवडा आणि 'पाथ' मेनूतून 'युनियन' द्या. देवनागरी अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर किंचित चढलेली असतात. ती एकजीव केली नाहीत तर स्क्रीनवर जोडाच्या जागी केसासारखी बारीक फट दिसू शकते. रेडियम कापणाऱ्याच्या मशीनवर तर आणखी घोटाळा होतो: ते मशीन प्रत्येक आकाराच्या कडेने चालतं, त्यामुळे शिरोरेषा मधेमधे कापली जाते. युनियन केलं की बाहेरची एकच कड उरते.

शेवटी पान चित्राएवढं करा. चारही बाजूंना शिरोरेषेच्या जाडीइतकी तरी मोकळी जागा असू द्या. एक फाइल इंकस्केप एसव्हीजी म्हणून जपा आणि दुसरी 'प्लेन एसव्हीजी' म्हणून वेबसाइटसाठी काढा.

लॅपटॉप नसेल तर? मोबाइलवर कॅन्व्हासारख्या अ‍ॅपमध्ये काम होतं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोफत खात्यात पारदर्शक पार्श्वभूमी आणि एसव्हीजी मिळत नाही. शिवाय तिथली तयार चित्रं वापरून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला त्यांच्या अटीच मनाई करतात, कारण तेच चित्र कुणीही वापरू शकतं. निव्वळ अक्षरांचा कच्चा आराखडा तिथे करायला हरकत नाही. पक्कं काम एखाद्या नातेवाइकाच्या कंप्युटरवर करा.

एआयला सांगून चित्र काढून घेणारेही वाढले आहेत. कल्पना सुचायला ते बघा हवं तर. पण जे हातात येतं ते ठिपक्यांचं चित्र असतं आणि त्यातली देवनागरी बऱ्याचदा मोडकी असते, काना भलतीकडे, रफार गायब. ते जसंच्या तसं वेबसाइटवर चढवू नका.

रंग सगळ्यात शेवटी

आतापर्यंतचं सगळं काम काळ्या रंगात करा. काळ्यात जे उभं राहत नाही ते रंगाने वाचत नाही. रबरी शिक्का, कोरिअरचं लेबल, थर्मल प्रिंटरचं बिल, सगळीकडे एकच रंग असतो.

मग एक मुख्य रंग निवडा, फार तर दुसरा सोबतीला. तुमच्यासारखाच माल विकणारे काय वापरतात ते पाहा. मसाल्यांच्या फळीवर नजर टाकली तर लाल-हिरव्याची गर्दी दिसते. 'उखळ'साठी मी पाषाणासारखा काळसर राखाडी घेईन आणि पाकिटाची जमीन, म्हणजे मागचा रंग, हळदी ठेवीन. पांढऱ्यावर हळदी अक्षरं मात्र नकोत, ती वाचताच येत नाहीत. वेबसाइटच्या मजकुरासाठी अक्षर आणि जमीन यांच्यात ४.५ ला १ एवढा तरी उजेडाचा फरक असावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. लोगोला त्यातून सूट आहे, तरीही तो पाळावा असं माझं ठाम मत आहे, कारण ठाणे स्टेशनच्या फलाटावर भर उन्हात मोबाइल बघणारं गिऱ्हाईक आपलंच आहे. हा फरक मोजणारी मोफत साधनं ऑनलाइन भरपूर आहेत.

स्क्रीनवरचे झगझगीत निळे-हिरवे रंग छपाईत मलूल होतात, कारण छपाई चार शाईंवर चालते. रंग पक्का करण्याआधी एकदा रंगीत प्रिंट काढा. रंगाचा कोड, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा त्या रंगाचा क्रमांक, वहीत लिहून ठेवा. 'तोच आपला लाल' असं सांगून दर वेळी वेगळा लाल छापून येतो.

टॅबसाठी छोटं चिन्ह

पूर्ण नाव १६ पिक्सेलमध्ये मावत नाही. त्यासाठी एक अक्षर घ्या, शिरोरेषेसकट. 'उखळ'मध्ये मुसळ 'ख'वर असलं तरी टॅबसाठी 'उ'च बरा. 'ख' एवढ्या बारीक आकारात दगा देतो. अक्षर मोठ्या लोगोपेक्षा थोडं जाड करा, भरीव रंगाच्या चौकोनावर पांढरं ठेवा. ५१२ पिक्सेलचा चौकोनी पीएनजी (ठिपक्यांच्या चित्राची फाइल) काढून ठेवला की वर्डप्रेसला, म्हणजे वेबसाइट बनवायच्या त्या प्रचलित सॉफ्टवेअरला, तोच लागतो आणि बाकीचे लहान आकार त्यातून निघतात. आयफोनसाठी १८० पिक्सेलचा वेगळा काढा. हेच चिन्ह डीपीला चालतं, फक्त गोलात कोपरे कापले जातात म्हणून अक्षर मधे, सुटसुटीत ठेवा.

चारचौघांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा

"कसा वाटला?" असं विचारलंत तर सगळे "छान" म्हणतील. त्याऐवजी लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि विचारा, "काय लिहिलंय?" साठीच्या पुढच्या काकूंना, शाळकरी भाच्याला आणि मराठी जेमतेम वाचणाऱ्या शेजाऱ्याला तरी नक्की विचारा. नवी मुंबईत गिऱ्हाईक सगळ्या प्रांतांचं असतं. कुणी एकाने अडखळून वाचलं तर योगायोग, दोघे त्याच अक्षराला अडखळले तर अक्षर दुरुस्त करा.

स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक कृष्णधवल प्रिंट काढा, बोटाच्या पेराएवढ्या मापापासून तळहाताएवढ्या मापापर्यंत चार-पाच आकार एकाच कागदावर. काही रुपयांत सगळे दोष समोर येतात. मग ते भिंतीला लावून चार दिवस येता-जाता बघा. गूगल लेन्समध्येही लोगो टाकून पाहा, दुसऱ्या कुणाच्या लोगोशी साम्य निघतंय का ते कळेल.

कुठे कायदा आडवा येतो

मराठी माणसाला मनापासून वाटतं की लोगोत शिवाजी महाराजांचं चित्र असावं. भावना समजण्यासारखी आहे, पण बोधचिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. व्यापारासाठी ते वापरता येत नाही. अशोकस्तंभाचंही तसंच. दवाखाना, औषधाचं दुकान, रुग्णवाहिका सेवा यांनी पांढऱ्यावर लाल क्रॉस टाकू नये, त्या चिन्हाला जिनिव्हा करारांचं संरक्षण आहे.

पाटीचाही विचार आत्ताच करा. दुकाने व आस्थापनांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर छोट्या आस्थापनांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. लोगो फक्त रोमनमध्ये करून ठेवला आणि मराठी नाव नंतर कोपऱ्यात चिकटवलं, तर गाळा घेताना सगळं पुन्हा करावं लागेल. देवनागरीपासून सुरुवात केली की हा प्रश्न येतच नाही.

पैसे खर्च करायचेच तर कुठे

आतापर्यंत प्रिंटआउट सोडले तर खर्च जवळपास शून्य आहे. जवळ चार-पाच हजार असतील तर माझी पहिली पसंती ट्रेडमार्कच्या अर्जाला. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,०००. ठाणे-नवी मुंबईसाठीचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्ज घरबसल्या भरता येतो. नोंदणी १० वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. नोंदणीआधी 'टीएम' ही अक्षरं लावायला हरकत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावणं गुन्हा आहे.

दुसरी पसंती सुलेखनकाराला. पूर्ण 'ब्रँडिंग पॅकेज' घेऊ नका, फक्त नाव लिहून घ्या. हाताने लिहिलेलं एक नाव फॉन्टला जमत नाही तो जिवंतपणा आणतं. नवी मुंबईत हे अवघड नाही. पद्मश्री अच्युत पालव यांची सुलेखनाची शाळा इथेच आहे, आणि या भागात सुलेखन शिकलेली तरुण मुलं-मुली आहेत. कामाआधी किती पर्याय मिळणार, किती दुरुस्त्या, कुठल्या फाइली, हे ठरवा. आणि लोगोचे हक्क तुमच्याकडे सोपवल्याचं सहीनिशी लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यानुसार करार नसेल तर काढणाराच पहिला मालक असतो, पैसे दिले म्हणून हक्क आपोआप येत नाहीत.

फाइली कुणाला कुठली द्यायची

वेबसाइटच्या वरच्या पट्टीला एसव्हीजी. वर्डप्रेस एसव्हीजी थेट चढवू देत नाही, तिथे दिसणाऱ्या मापाच्या तिप्पट मोठा, पारदर्शक पीएनजी द्या. चित्राच्या पर्यायी मजकुराच्या (ऑल्ट टेक्स्ट) जागी व्यवसायाचं नाव मराठीत लिहा, म्हणजे स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यालाही ते ऐकू येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवल्यावर जे चित्र दिसतं ते १२०० बाय ६३० पिक्सेलचं वेगळं करा, लोगो मधोमध आणि भोवती भरपूर जागा.

फ्लेक्सवाला किंवा कार्ड छापणारा "ओपन फाइल द्या" किंवा "सीडीआर आहे का?" असं विचारेल. त्यांचं काम बहुतेक कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर चालतं, सीडीआर ही त्याचीच फाइल. तुम्ही पीडीएफ आणि एसव्हीजी दोन्ही द्या, कोरल ती उघडतं. "कर्व्हमध्ये केलंय ना?" असंही विचारतील. ऑब्जेक्ट टू पाथ केलं तेच ते, तेव्हा निर्धास्तपणे हो म्हणा. व्हॉट्सअ‍ॅपवरून चित्र म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून लहान केलं जातं. छपाईआधी त्यांच्या स्क्रीनवर नाव स्वतः वाचून बघा, अक्षर अन् अक्षर.

एक फोल्डर करा. त्यात बदलता येणारा मूळ मजकूर असलेली फाइल, पाथ केलेली फाइल, काळी, पांढरी आणि रंगीत आवृत्ती, टॅबचं चिन्ह, फॉन्ट आणि त्याच्या परवान्याची प्रत, रंगांचे कोड लिहिलेली एक साधी फाइल, आणि काढून घेतला असेल तर हक्काच्या करारपत्राचा स्कॅन ठेवा. हे फोल्डर गूगल ड्राइव्हवर आणि घरातल्या एका पेनड्राइव्हवर, अशा दोन्ही ठिकाणी असू द्या.